राहून गेलेली दोन पानं

एदविज ल गारेक यांनी एकोणीस पुस्तकं स्लोव्हेनियन भाषेतून फ्रेंचमध्ये आणली. त्यांतल्या अठरा पुस्तकांची नावं आमच्या रेन शहरात कुणाला सांगता येणार नाहीत. एकोणिसावं, म्हणजे खरं तर पहिलंच, सगळ्यांना माहीत होतं. शनिवारच्या बाजारात भाजी घेताना कुणीतरी त्यांना थांबवायचं आणि म्हणायचं, "तुम्हीच ना त्या मिठागरवाल्या?" बाई मान डोलवायच्या आणि कांद्याची पात पिशवीत टाकायच्या.

त्यांचा जन्म दक्षिण ब्रतान्यमधल्या एका बंदरातला, एकोणीसशे पंचावन्नचा. वडील मासळीच्या लिलावात बोली पुकारायचे, आई डब्यात सार्डिन भरण्याच्या कारखान्यात कामाला. आईवडील मुलांशी फ्रेंच बोलत, आणि मुलांना कळू नये असं काही असलं की आपसात ब्रेतों, ही तिथली जुनी भाषा. बाई म्हणायच्या, "आमच्या घरात सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी मला न येणाऱ्या भाषेत ठरायच्या. मी अनुवादक झाले नसते तर गुप्तहेर झाले असते."

घरात बारावी पास होणाऱ्या त्या पहिल्या. पुढे रेनला येऊन साहित्य शिकल्या. पंचविसाव्या वर्षी परदेशात फ्रेंच शिकवायची नोकरी मागितली, ती लिस्बनला. त्या वर्षी लिस्बनची जागा दुसऱ्याच कुणाला गेली. उरलं होतं स्लोव्हेनियातलं लुब्लियाना. पोर्तुगीज शब्दकोश बॅगेत तसाच ठेवून त्या तेव्हाच्या युगोस्लाव्हियाच्या गाडीत बसल्या. तिथे चार वर्षं राहिल्या. स्लोव्हेनियन शिकल्या त्या घरमालकिणीकडून आणि रेडिओवरच्या फुटबॉलच्या समालोचनातून. त्यामुळे सुरुवातीला त्यांना प्रेमाच्या गोष्टी बोलता येत नसत, पण पंचाशी भांडण उत्तम करता येई.

परत आल्यावर प्रबंध लिहिला आणि विद्यापीठात तासांवर शिकवू लागल्या. कायमची जागा नव्हती. एकोणीसशे एक्क्याण्णवमध्ये लुब्लियानाच्या एका मैत्रिणीने कळवलं की लोय्झे व्हेर्गान नावाच्या माणसाची एक कादंबरी आहे, समुद्रकाठच्या मिठागरांवरची, ती कुणीतरी फ्रेंचमध्ये आणायला हवी. पुस्तक बाजारातून संपलेलं होतं. तिथल्या एका ग्रंथालयाने प्रत दहा दिवसांसाठी पाठवली.

आता इथे फोटोकॉपीच्या यंत्राबद्दल नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पुस्तक लहान आकाराचं होतं, कागद पातळ. बाईंनी ते उघडं करून काचेवर पालथं ठेवायचं, एका वेळी समोरासमोरची दोन पानं, असं ठरवलं. डोळ्यांना त्रास नको म्हणून छाप मोठा केला. मोठा केल्यावर पानांच्या तळाशी असलेले आकडे कागदाबाहेर गेले. त्यात काही बिघडलं नाही. प्रत्येक कागदावर त्यांनी आपल्या हाताने, निळ्या पेनने, क्रमांक घातले. एक, दोन, तीन, शेवटपर्यंत. पुस्तक ग्रंथालयाला परत गेलं. कागद राहिले.

कादंबरी साधी आहे. बेपो आणि रोझा हे नवरा-बायको दर उन्हाळ्यात मिठागरावरच्या दगडी घरात राहतात आणि मीठ ओढतात. मिठाला भाव राहत नाही. बेपो जहाजावर काम घ्यायचं ठरवतो. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तो जेवताना सगळं समजावून सांगतो: घर कसं, होडी कुणाकडे, पैसे कधी. रोझा ऐकून घेते आणि विचारते, "आणि मी?"

फ्रेंच पुस्तकात त्याच्यानंतरची ओळ अशी होती: "सकाळी होडी जागेवर नव्हती."

बस्स. मग दोनशे पानं रोझा एकटी.

मिठाचे शब्द मिळवायला बाई गेरांदला गेल्या. तिथल्या आगरांत आठवडाभर एका म्हातारीच्या मागे फिरल्या. म्हातारीने पहिले दोन दिवस काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मीठ ओढायची लांब दांड्याची फळी बाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, "आधी ओढ. नाव मग सांगते." वहीभर शब्द घेऊन आणि तळहातावर फोड घेऊन त्या परतल्या.

आणि दर रविवारी सकाळी अकरा वाजता त्या ईव्हों कादियूंकडे जाऊन वाचू लागल्या. कादियू आमच्याच इमारतीत, त्यांच्या खालच्या मजल्यावर. रेल्वेत सिग्नलवर होते, पुस्तकांशी संबंध नाही. पण ऐकायला पक्के. बाई नवं प्रकरण मोठ्याने वाचायच्या आणि ते सूपासाठी बटाटे सोलायचे. सुरी चालू राहिली की वाक्य बरं. सुरी थांबली की बाई तिथे पेन्सिलने खूण करायच्या आणि घरी जाऊन वाक्य दुरुस्त करायच्या. तीस वर्षं हे चाललं आणि दोघं एकमेकांना कायम 'तुम्ही' म्हणाले.

"मादाम ल गारेक, हे तुमचे लेखक लोक घरी बसूनच असतात वाटतं," कादियू म्हणायचे. "एवढं लांब वाक्य लिहायला कामावरच्या माणसाला वेळ कुठला?"

"तुम्ही सोला, मस्यू कादियू. बटाट्याला डोळे राहिलेत."

"आणि मी?" हे वाक्य आलं त्या रविवारी सुरी थांबली. बाईंनी पुढची ओळ वाचली, तरी सुरी थांबलेलीच.

"काय झालं?"

"काही नाही. मधे काहीतरी घडलं असणार ना?"

"तेच तर. ते लिहिलेलं नाही."

"असं," कादियू म्हणाले आणि पुन्हा सोलू लागले. बाईंनी तिथे खूण केली नाही. उलट त्या खूश झाल्या.

पुस्तक त्र्याण्णवमध्ये आलं. समीक्षकांनी त्या जागेबद्दल रकानेच्या रकाने लिहिले. एका माणसाने एका बाईला उत्तर दिलं नाही, आणि लेखकाने ते न देणंही लिहिलं नाही, हे लोकांना फार लागलं. अनुवादाला बक्षीस मिळालं. पंचाण्णवमध्ये विद्यापीठात कायमची जागा मिळाली. बाईंनी एक अभ्यासक्रम सुरू केला, 'न बोललेलं कसं अनुवादायचं'. पहिल्या तासाला फळ्यावर ते दोन शब्द लिहायच्या आणि खाली जागा कोरी सोडायच्या. चोवीस वर्षं. सेव्हरीन नावाच्या त्यांच्या विद्यार्थिनीने त्या कोऱ्या जागेवर प्रबंध केला आणि आता ती लियोंला शिकवते.

दुसरं एक तत्त्व त्या मुलांना सांगत, आणि स्वतः पाळत. अनुवाद छापून आला की मूळ पुस्तक मिटायचं. पुन्हा उघडायचं नाही. "नाहीतर जन्मभर दुरुस्त्याच करत बसाल. मेलेल्या माणसाचे केस विंचरू नका."

चौऱ्याण्णवमध्ये व्हेर्गान रेनला आले होते, बायको युस्तिनाला घेऊन. ग्रंथालयात वाचन झालं. एका प्रेक्षकाने विचारलं, "बेपो गप्प का राहतो?" बाईंनी भाषांतर करून सांगितलं. व्हेर्गाननी बायकोकडे बघितलं, मग म्हणाले, "बेपो? तो तर कधी गप्पच बसत नाही." सभागृहात हसू पिकलं. लेखक किती मिश्किल आहे, असं सगळे म्हणाले. बाईसुद्धा. जाताना व्हेर्गाननी त्यांना मूळ पुस्तकाची एक प्रत सही करून दिली. ती त्यांनी कपाटात वरच्या फळीवर ठेवली आणि तत्त्वाप्रमाणे उघडली नाही.

दोन हजार एकोणीसच्या जूनमध्ये बाई निवृत्त होणार होत्या. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रकाशकांनी कादंबरीची खिशात मावेल अशी स्वस्त आवृत्ती काढायचं ठरवलं. तिथली संपादक, आमांदीन नावाची तिशीतली मुलगी, फोनवर म्हणाली, "त्या शांततेवर तुमची बारा पानं प्रस्तावना हवी. तुमच्याइतकं त्यावर कुणाला बोलता येणार?"

मे महिन्यात बाई प्रस्तावना लिहायला बसल्या. एका वाक्यावर अडल्या. 'आणि मी?' नंतर मूळ पुस्तकात ओळ कोरी सोडली आहे का नवीन परिच्छेद आहे, हे त्यांना लिहायचं होतं, आणि आठवेना. एवढं बघायला हरकत नाही, असं स्वतःला सांगून त्यांनी स्टुलावर चढून ती सही केलेली प्रत काढली.

एकशे त्रेचाळीसाव्या पानाच्या शेवटी रोझा विचारत होती, "आणि मी?"

एकशे चव्वेचाळीसाव्या पानावर बेपो बोलत होता. भरपूर बोलत होता. तू काय, तू आठ दिवसांत शेळी विकायला निघशील आणि विकणार नाहीस. तू बहिणीकडे जाशील, तिच्या नवऱ्याशी भांडशील आणि परत येशील. रोझा म्हणते, भांडण तोच काढतो. मग दोघांचं त्या नवऱ्याच्या टोपीवरून सुरू होतं आणि हसणं इतकं वाढतं की शेजारचे भिंतीवर थापा मारतात. एकशे पंचेचाळीसच्या तळाशी रोझा सांगते, "सकाळी तुला बंदरावर मीच सोडते. तुला वल्ही धड मारता येत नाहीत." त्याच्यापुढे, एकशे शेहेचाळीसवर, "सकाळी होडी जागेवर नव्हती."

बाई तळघरात गेल्या. जुन्या फोटोकॉपीचं खोकं काढलं. त्यांच्या निळ्या आकड्यांत काहीच चूक नव्हती. एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर. पातळ कागदाची दोन पानं एकदम उलटली गेली होती. वाक्य पानाच्या शेवटी संपलं होतं, पुढचं वाक्य पानाच्या सुरुवातीला सुरू झालं होतं, आणि आकडे कागदाबाहेर. कळायला काही जागाच नव्हती. एक मात्र होती. पुस्तकाच्या शेवटाकडे रोझा 'त्या संध्याकाळच्या हसण्या'ची आठवण काढते. बाईंनी ते तसंच अनुवादलं होतं, आणि वर्गात दरवर्षी समजावलं होतं की हा रोझाचा कडवट उपरोध आहे.

आठ दिवसांनी निरोपाचा समारंभ झाला. कागदी पेले, फसफसणारी वाइन, खारे शेंगदाणे, विभागप्रमुखांचं भाषण. सेव्हरीन लियोंहून खास आली होती. तिने भेट दिली ती एक चौकट होती. सुंदर छपाईत दोन शब्द, 'आणि मी?', आणि खाली कोरा कागद. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी आभार मानले, दोघीतिघींच्या गालाला गाल लावले आणि चौकट काखेत घेऊन बसने घरी आल्या. तिथे त्या काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांना सगळ्यात जास्त लाज याच गोष्टीची वाटायची.

बोलायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. न बोलल्या तर कुणाला कळणार नव्हतं. आपल्याकडे स्लोव्हेनियन वाचणारे किती? त्यांतले निम्मे बाईंनीच शिकवलेले. बोलल्या तर बक्षीस, जागा, अभ्यासक्रम, दुसऱ्याचा प्रबंध, सगळ्याच्या मुळाशी एक उलटलेलं पान आहे हे जाहीर होणार. अनुवादकाकडे नावाशिवाय असतं काय?

त्या रविवारी त्या कादियूंकडे गेल्या. कादियू तेव्हा ऐंशीच्या घरात. बाईंनी काही न सांगता ती दोन पानं, नुकतीच अनुवादलेली, वाचायला घेतली. सुरी एकदाही थांबली नाही. टोपीपाशी आल्यावर कादियू इतके हसले की बटाटा हातातून सुटला.

"हे कुठलं?"

बाईंनी सांगितलं. सगळं, यंत्रापासून.

कादियूंनी खाली पडलेला बटाटा उचलला. "म्हणजे हा बेपो चांगला माणूस आहे."

"हो."

"आणि मी सव्वीस वर्षं त्याला हलकट समजतोय. माझ्या बायकोलाही तसंच सांगितलं. ती गेली बिचारी, तेच धरून." मग म्हणाले, "आमच्याकडे गाडी पुरी आली की नाही ते शेवटच्या डब्याच्या दिव्यावरून बघायचे. मधला डबा कधी हरवला नाही, मादाम. ते पुस्तकातच जमतं."

"मी काय करू, मस्यू कादियू?"

"मला काय विचारता? मी सिग्नल देणारा. ज्याची गाडी आहे त्याला विचारा."

व्हेर्गान दोन हजार सहामध्ये वारले होते. युस्तिना तिकडे समुद्रकाठच्या पिरानला होत्या, सत्याऐंशी वर्षांच्या. सोमवारी सकाळी बाईंनी फोन लावला. आधी तब्येत, मग हवा, मग गुडघे. मग सांगितलं.

"तरीच," युस्तिना म्हणाल्या. "तुमच्या त्या सभेत सगळ्या बायका माझा हात हातात घेत होत्या. मी लोय्झेला म्हटलं, फ्रेंच बायका किती मायाळू. त्यांना वाटलं, रोझा म्हणजे मीच."

"हो. वाटलं असेल."

"मीच आहे. ती टोपी माझ्या मेहुण्याची. त्या दोन पानांत लोय्झेने एक शब्द बनवलेला नाही, सगळं आम्ही जेवताना बोललेलो. बाकीचं पुस्तक त्याचं, तेवढी दोन पानं माझी." मग त्या म्हणाल्या, "म्हणजे सव्वीस वर्षं तुमच्या देशात मी टाकलेली बाई होते तर."

एदविजबाई माफीचे शब्द जुळवू लागल्या.

"माफी मागू नकोस, पोरी, मला त्याचा कंटाळा येतो. छापून टाक. मी आहे तोवर."

त्यानंतर बाईंनी वेळ घालवला नाही. पहिला फोन सेव्हरीनला. तिला हे छापील प्रस्तावनेत वाचायला लावायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. सेव्हरीनने ऐकून घेतलं.

"माझं दुसरं प्रकरण गेलं," ती म्हणाली.

"आणि चौथं."

"चौथं मी विसरले होते. आठवण करून दिलीत, आभारी आहे." मग काही दिवस तिचा फोन आला नाही. आला तेव्हा तिने एवढंच विचारलं की ती दोन पानं पाठवता का.

आमांदीन मात्र अडून बसली. "मादाम, मी बारा पानं प्रस्तावना मागितली होती, दोन पानं कादंबरी नव्हे. लोक ही शांतता वाचायलाच पुस्तक घेतात. ती काढली तर उरतं काय?"

"एक नवरा-बायको. बोलणारे."

"तसे सगळीकडे असतात."

"तेच तर त्यांनी लिहिलं होतं."

"परिशिष्टात टाकू? शेवटी, बारीक अक्षरात?"

"जिथे आहेत तिथे टाकायची. नाहीतर माझं नाव काढा."

नाव काढलं तर कारण विचारलं जाईल, हे आमांदीनला कळत होतं. तिने मान्य केलं. प्रस्तावना बारा पानांची झालीच नाही. एका पानात बाईंनी ग्रंथालय, यंत्र, पातळ कागद, निळे आकडे आणि वर्गातली चोवीस वर्षं लिहिली. 'उपरोध' या शब्दाबद्दल वाचकांची वेगळी माफी मागितली. सप्टेंबरमध्ये शेवटची मुद्रितं आली, ती त्यांनी मूळ पुस्तक शेजारी उघडं ठेवून, पानाला पान लावून तपासली आणि छपाईला संमतीची सही केली.

पुस्तक आलं तेव्हा एका वर्तमानपत्राने थोडी थट्टा केली. दुसऱ्याने लिहिलं की अनुवादिकेने एक उत्तम कादंबरी नुसती चांगली करून टाकली. विद्यापीठातल्या एका जुन्या सहकाऱ्याने बाजारात त्यांना बघून रस्ता बदलला. युस्तिनांना प्रत गेली. त्यांनी नातीकडून कळवलं की त्यांना फ्रेंच येत नाही, पण पानं मोजली, बरोबर आहेत.

नोव्हेंबरमध्ये आमच्या चौकातल्या पुस्तकाच्या दुकानात बाईंना बोलावलं. पंचवीसएक माणसं, घडीच्या खुर्च्या. बाईंनी ती दोन पानं वाचून दाखवली. कादियू पुढच्या रांगेत होते, हात रिकामे असल्यामुळे अवघडलेले. टोपीपाशी लोक हसले.

नंतर मागच्या रांगेतली एक बाई उठली. साठीची, हिरवा रेनकोट, हातात जुनी आवृत्ती.

"मला नवीन आवडलं नाही," ती म्हणाली.

"मलाही जुनंच जास्त आवडायचं," एदविजबाई म्हणाल्या. "पण ते त्यांनी लिहिलेलं नव्हतं."

"तुमचं ठीक आहे. मी पंच्याण्णवमध्ये हे वाचलं आणि नवऱ्याला सोडलं. त्या पानावरून. मी त्याला जे विचारत होते, त्याचं तो असंच उत्तर देत नव्हता. आता तुम्ही म्हणता, बेपो बोलत होता."

बाईंनी चष्मा काढला.

"तुमचे यजमान बोलत होते का?"

"नाही."

"नंतर तरी बोलले?"

"सामान न्यायला आले तेव्हा विचारलं, कॉफीचं यंत्र कुणाचं."

"मग तुम्ही पान बरोबर वाचलंत. मी चुकीचं छापलं होतं, एवढंच."

ती बाई पुढे आली आणि जुनी आवृत्ती टेबलावर ठेवली. "यावरच सही द्या. नवीन मी घेणार नाही."

बाईंनी पुस्तक उघडलं, पण पहिलं पान नाही. त्यांनी ते पान शोधलं. 'आणि मी?'च्या खाली, पुढच्या ओळीच्या आधी, मावेल एवढ्या बारीक अक्षरात लिहिलं, "इथे दोन पानं माझ्याकडून राहून गेली," आणि त्याखाली आपलं पूर्ण नाव.